बोग्दानची ठेवणीतली पँट

पँट शिवायचं ठरलं तेव्हा झिनोविया बाईंना पँटबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिला दोन पाय असतात. आणि हल्ली, या युद्धात, आमच्या ड्रोहोबिच गावात तेवढंही कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

शिवणकामात त्यांची आजवरची मजल उशीच्या अभ्र्यापर्यंत. चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईंना अभ्र्याचं तत्त्व पटण्यासारखं होतं: तीन बाजू शिवायच्या, चौथी सोडायची. पँटीचं तसं नाही. पँटीत कापड मधेच दोन वाटांनी फुटतं, आणि जिथे फुटतं तिथे नेमकं काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात सरळ लिहिलेलं नसतं. सभ्य लोकांनी लिहिलेली पुस्तकं ती.

पण शुक्रवारी जिन्यात स्लावा भेटली. चौथ्या मजल्यावर राहते, पावाच्या कारखान्यात पाळ्या करते. तिचा मुलगा नेस्तोर, बाईंच्याच हाताखाली रसायनात नापास झालेला, गेल्या रविवारी इस्पितळातून घरी आला होता. पायाला सळयांचा आणि कड्यांचा लोखंडी पिंजरा. हाडं जुळेपर्यंत तो तसाच राहणार.

"गुरुवारी अकराला वैद्यकीय मंडळापुढे उभं राहायचंय," स्लावा म्हणाली. "नाही गेला तर कागद परत पलटणीकडे, आणि तिथे गैरहजर म्हणून नोंद. आणि हा म्हणतो, मी जात नाही."

"का बरं?"

"तीन पँटी आणल्या, बाई. एकही त्या लोखंडावरून चढत नाही. बाहेर ही अशी थंडी. मी म्हटलं, ब्लँकेट गुंडाळू. तर म्हणाला, मी काय गालिचा आहे गुंडाळून न्यायला? पँट घालून माणसासारखा जाईन, नाहीतर जाणारच नाही." मग तिला पुढे 'पाय' हा शब्द म्हणायचा होता. तो काही तिला म्हणता आला नाही. ती कठड्याला धरून रडली आणि कामावर गेली.

बाई घरात आल्या आणि बोग्दानला म्हणाल्या, "मी नेस्तोरला पँट शिवणार आहे."

बोग्दान म्हणजे त्यांचा नवरा, रेल्वेतून निवृत्त. तो बटाटे सोलत होता. तो म्हणाला, "देव त्या पोराचं भलं करो," आणि सोलत राहिला.

आता कुणीही विचारेल की एवढं होतं तर बाईंनी सरळ चौथ्या मजल्यावर जाऊन माप का घेतलं नाही. घेता येत नव्हतं. त्याला कारण ते पत्रक.

उन्हाळ्यात वाचनालयात एका शहरी मानसतज्ज्ञ बाईंचं व्याख्यान झालं होतं, 'परतलेल्या सैनिकाशी कसं वागावं' या विषयावर. शेवटी छापील पत्रक वाटलं. प्रश्न विचारू नका. कीव करू नका. मागून येऊन हात लावू नका. अचानक आवाज करू नका. शहाण्या माणसाच्या हातात हे पत्रक दिलं तर तो वाचून खिशात ठेवील आणि माणसासारखा वागेल. आमच्या बिल्डिंगीने ते जिन्यात चिकटवलं आणि त्याचा कायदा केला.

हे सगळं तेओफिलियाबाईंचं काम. तळमजल्यावरच्या. पूर्वी औषधांच्या दुकानात होत्या, त्यामुळे सूचना वाचून दाखवायची सवय. त्यांनी नेस्तोर यायच्या आधी जिन्यात सभा घेतली. गालिचे झोडायचे नाहीत. दरवाजाच्या स्प्रिंगला तेल. तिसऱ्या मजल्यावरचा पियानो बंद. आणि चौथ्या मजल्यावरून जाताना बूट हातात घ्यायचे.

"आणि भेटला तर काय बोलायचं?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही," तेओफिलियाबाई म्हणाल्या. "त्याने सुरुवात केली तर मान हलवायची."

माणसं प्रेमाने इतकी मूर्ख होऊ शकतात हे मला त्या दिवशी कळलं. दुष्टपणाने होतात हे ठाऊक होतंच, त्यासाठी सरकारी कचेऱ्या आहेत.

तिथेही बाई जाऊन आल्या. सोमवारी. पँट शिवण्यापेक्षा मंडळालाच घरी बोलावणं सोपं जाईल, असा त्यांचा भाबडा हिशेब. स्लावाकडून नेस्तोरच्या सहीचा अर्ज घेतला, ठेवणीतला कोट घातला, ब्रोच लावला, आणि दोन तास उभं राहून खिडकी गाठली. खिडकीच्या वर फलक होता: 'आमचे वीर, आमचा अभिमान'.

"अर्जदार कुठाय?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"घरी. चौथ्या मजल्यावर. त्याला येता येत नाही, असं अर्जातच लिहिलंय."

"सही आमच्यासमोर करावी लागते."

"अहो, समोर येता आलं असतं तर अर्ज कशाला केला असता?"

"आणि समोर आलाच नाही तर त्याला येता येत नाही, हे आम्हाला कसं कळणार?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी पुष्कळ मठ्ठ उत्तरं ऐकली होती, पण त्यांवर लाल रेघ मारायची सोय होती. इथे काचच मधे. त्यांनी विचारलं, "मंडळ कितव्या मजल्यावर बसतं?"

"दुसऱ्या."

"लिफ्ट?"

"तुम्ही अर्जदाराच्या कोण?" खिडकीने विचारलं.

"मी त्याला नापास केलंय," बाई म्हणाल्या, "आणि आता मला वाटतं चुकीच्या माणसाला केलं." त्यांनी ब्रोच काढून पर्समध्ये टाकला. असल्या ठिकाणी तो लावून आल्याचीच त्यांना लाज वाटली.

म्हणजे पँटच.

पँट कशी करायची हे फोनवरच्या व्हिडिओत एका बाईने दाखवलं होतं. तयार पँटीची बाहेरची शिवण कमरेपासून खालपर्यंत उसवायची, दोन्ही कडांना वेल्क्रो शिवायचा, मग ती पाकिटासारखी उघडते आणि पिंजऱ्यावरून नुसती मिटायची. ती बाई हे बोलता बोलता पाच मिनिटांत उरकते. ती हे पाच मिनिटांत करते म्हणून आपल्याला पाच तासांत जमेल, असं सगळे धरून चालतात. मी म्हणतो, असल्या बायकांवर खटले भरले पाहिजेत.

पण पँट कुठली घ्यायची? जाड हवी, उबदार हवी, आणि मंडळापुढे शोभेल अशी हवी. बोग्दानच्या रोजच्या पँटी गुडघ्यात फुगलेल्या. बाईंची नजर कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. तिथे पांढऱ्या चादरीत बांधलेली दोन गाठोडी होती.

त्या वयाच्या माणसांच्या घरी ती असतातच. मरणाची. एकात बाईंचा गडद पोशाख, डोक्याचा रुमाल, सपाता. दुसऱ्यात बोग्दानचा सदरा, मोजे, आणि निळी गर्द लोकरी पँट, चांगल्या दिवसांत चांगल्या दुकानातून घेतलेली, एकदाच घालून पाहिलेली. मेल्यावर धावपळ नको, पोरांना शोधायला लागू नये, म्हणून नीट इस्त्री करून, डांबरगोळ्या घालून ठेवायची रीत. बायका एकमेकींना आपली गाठोडी दाखवतातही, लेकीच्या लग्नाच्या तयारीसारखी.

बोग्दान मासे धरायला गेला होता तेवढ्यात बाईंनी गाठ सोडली. तो परत आला तेव्हा पँट टेबलावर पडलेली आणि बाईंच्या हातात कात्री.

बोग्दान दारातच थांबला. त्याच्या हातातल्या पिशवीतला मासा अजून तडफडत होता.

"झिना, ती माझी मरणाची आहे."

"मला माहितेय."

"मग मला काय घालणार?"

"तू आडवा असणार. कमरेपर्यंत चादर. खाली कोण बघायला येणारे?"

"वर तरी जावं लागेल ना मला," बोग्दान म्हणाला. "तिथे काय, असाच जाऊ?"

"तिथे ज्याला तोंड दाखवायचंय, त्याला सांग की पँट चौथ्या मजल्यावर गेली. त्याला पटलं नाही तर मी येतेच मागून, मी बोलेन त्याच्याशी."

बोग्दानने मासा नळाखाली टाकला. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघरातून म्हणाला, "कोणता पाय?"

आणि इथे बाई अडकल्या. कारण कोणता पाय हे बिल्डिंगीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला विचारायचं नाही. स्लावापुढे 'पाय' काढायचा नाही. तेओफिलियाबाई म्हणाल्या उजवा, पण त्यांनी ते खिडकीच्या जाळीतून, चष्मा नसताना पाहिलं होतं.

"अरे, तूच तर त्याला वर नेलंस," बाई म्हणाल्या. रविवारी बोग्दान आणि दुसऱ्या मजल्यावरचा लेव्को, दोघांनी मिळून नेस्तोरला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून चार मजले वर चढवलं होतं.

बोग्दानने डोळे मिटले, दोन्ही हात पुढे धरले, आणि खुर्ची उचलल्याचा अभिनय करत स्वयंपाकघरात उलटा चालला. "लोखंड माझ्या या हाताला लागत होतं," तो म्हणाला आणि डावा हात वर केला. "डावा. शंभर टक्के."

बाईंनी डावी शिवण उसवली.

मंगळवार, बुधवार हे दोन दिवस आता सविस्तर सांगत नाही. मलाच त्रास होतो. मशीन विजेवर चालणारं, वीज वेळापत्रकावर चालणारी, आणि वेळापत्रक कशावर चालतं ते कुणालाच ठाऊक नाही. सुई भरात आली की दिवा जायचा. वेल्क्रोचा खरखरीत भाग पहिल्यांदा आतल्या बाजूला लागला, उसवला; मग दोन्ही कडांना मऊ भागच लागला. मऊ मऊला चिकटत नाही, हे रसायनवाल्या बाईला आधी सुचायला हवं होतं. त्यात दर तासाला सल्ला.

लेव्को म्हणाला, "चेन लावा. कणखर असते." लेव्कोला गाडी दुरुस्त करता येते, त्यामुळे त्याला सगळंच येतं.

तेओफिलियाबाई तर घरातच येऊन बसल्या. त्यांनी वेल्क्रो एकदा उघडून पाहिला. खर्रर्र झालं. त्या पांढऱ्या पडल्या. "झिना! हा आवाज! पत्रकात काय लिहिलंय? अचानक आवाज नको! तो पोरगा पँट बदलताना दर वेळी हा आवाज ऐकणार?"

"मग काय करू?"

"हळू उघडायला सांग."

"सांगायचं कसं? बोलायचं नाही ना?"

तेओफिलियाबाईंनी यावर विचार केला. मग त्यांची नजर कापडावर गेली, त्यांनी नाकाशी नेऊन वास घेतला, आणि त्या हळूहळू उभ्या राहिल्या. बोग्दानचं गाठोडं त्यांनी पाहिलेलं होतं. "ही तर मरणाची आहे," त्या कुजबुजल्या. "जिवंत पोराला मरणाचा कपडा? तू शिकलेली बाई!"

"या पँटीने अजून एकही मेलेला माणूस पाहिलेला नाही," झिनोविया बाई म्हणाल्या. "आणि त्याने पाहिलेत. तेव्हा पँटीलाच काही झालं तर होईल. बस खाली आणि दोरा ओवून दे."

तेओफिलियाबाईंनी क्रॉसाची खूण केली, पण दोरा ओवून दिला.

गुरुवारी सकाळी आठ वाजता बाई पँट हँगरला लावून, वरून टॉवेल घालून चौथ्या मजल्यावर गेल्या. स्लावा पहाटेच मंडळाच्या रांगेत जागा धरायला गेली होती. लेव्को दहाला गाडी आणणार होता. दारासमोर चार भांडी ठेवलेली होती, झाकण लावलेली: एकात कोबीच्या पानातला भात, एकात बोर्श म्हणजे बिटाचं सार, बाकीच्यांत काय ते ठाऊक नाही. अकरा दिवस असंच चाललं होतं. ठेवायचं आणि मोजे घातलेल्या पायांनी पळायचं.

दार उघडंच होतं. नेस्तोर खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, चड्डीवर, गुडघ्यांवर ब्लँकेट. दाढी वाढलेली. त्याने पाहिलं. बाईंनी पत्रकाप्रमाणे मान हलवली. त्यानेही हलवली. बाईंनी टॉवेल काढला आणि, आवाज होऊ नये म्हणून, अगदी हळूहळू, पँटीची डावी बाजू कमरेपासून खालपर्यंत उघडून दाखवली. त्याला पाऊण मिनिट लागलं. खर्रर्र एका झटक्यात होतं ते बरं, असं दोघांनाही वाटलं असावं.

नेस्तोरने पँटीकडे पाहिलं. मग त्याने ब्लँकेट बाजूला केलं.

डावा पाय छान होता. धडधाकट, केसाळ, पायात मोजा. पिंजरा उजव्याला होता.

बाई खुर्चीवर बसल्या. बोग्दान समोरून उलटा चालत होता, त्याचा डावा म्हणजे पोराचा उजवा, हे त्यांना त्या क्षणी कळलं. जी बाई चौतीस वर्षं मुलांना समीकरणाच्या दोन बाजू शिकवत आली, तिला. आता पत्रकाची काय ती पत राहिली? त्यांनी वर्गात विचारायच्या तशा आवाजात विचारलं, "नेस्तोर, कोणता पाय?"

"उजवा, बाई."

"दिसतोय मला!"

"मग विचारलंत कशाला?" नेस्तोर म्हणाला, आणि त्याच्या दाढीत काहीतरी हललं. "पण बरं झालं विचारलंत. अकरा दिवसांत मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न आहे. मला वाटलं, बिल्डिंग सोडून गेलेत सगळे. रात्रंदिवस चिडीचूप. पियानोसुद्धा नाही. फक्त दारात भांडी येतात. आपल्याकडे असं माणसाच्या दारात कोण ठेवतं, बाई? असं थडग्यावर ठेवतात."

बाईंनी पँट त्याच्यापुढे धरली. नेस्तोरने पँट हातात घेतली, आणि वास घेतला.

"डांबरगोळ्या. नॅप्थलीन. सी-टेन-एच-एट. यावरच नापास केलंत मला." मग तो थांबला. त्याच्या आजीच्या घरीही वरच्या फळीवर गाठोडं असणारच. "कुणाची ही?"

"बोग्दानची. ठेवणीतली."

"किती ठेवणीतली?"

बाईंनी आयुष्यात कुठल्याही विद्यार्थ्याला खोटं सांगितलं नव्हतं. "शेवटची," त्या म्हणाल्या.

नेस्तोर हसला. आधी नाकातून, मग खुर्ची हलेपर्यंत, मग पिंजऱ्यातला पाय दुखून "आई गं" म्हणत. "चला," तो डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे पँट तयार होती, मीच उशीर केला. करा उजवी. जातो मी मंडळात."

वेल्क्रो संपलेला, दुकान दहाला उघडणार. बाईंनी त्याच्यासमोरच उजवी शिवण टराटरा उसवली. कमरेचा एप्रन सोडला आणि त्याचे बंद कात्रीने कापले. चार तुकडे झाले. पण सळया कुठे वर, कुठे खाली, कुठे बाहेर आलेल्या. बंद कुठे लावायचे हे पँट अंगावर असतानाच कळणार. त्यांनी त्याला ती चढवली, गुडघे टेकून जमिनीवर बसल्या, आणि सुईत दोरा ओवता ओवता एक तुकडा तोडून त्याच्यापुढे धरला.

"हा दातात धर."

का, हे त्याला सांगावं लागलं नाही. अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा असेल तर ज्याच्या अंगावर तो आहे त्याने दोरा दातात धरायचा, नाहीतर टाक्यांबरोबर त्याची आठवणही शिवली जाते, अशी समजूत. त्याच्या आजीनेही शाळेच्या गणवेशाची बटणं अशीच लावलेली.

"तुम्ही मानता हे, बाई?"

"मुळीच नाही. हे अशास्त्रीय आहे. धर."

त्याने दोरा दातात धरला. बाई शिवू लागल्या आणि बोलू लागल्या. अकरा दिवसांचं साठलेलं. पत्रक, तेओफिलिया, स्प्रिंगचं तेल, खिडकीतली बाई, बोग्दानचा मासा. दुसरा बंद लागला तरी त्यांचं संपेना. मग त्यांना जाणवलं की डोक्यावर कुणीतरी "म्म्, म्म्" करतंय. त्यांनी वर पाहिलं.

नेस्तोरने दोरा तोंडातून काढला. "बाई, हे दातात धरून मला बोलता येत नाही."

"मग नको बोलू. दहा मिनिटांत होईल."

"मला बोलायचंय," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या बोटांतल्या त्या ओल्या दोऱ्याकडे पाहिलं. तो खाली टाकावा, तर पोराची आठवण शिवली जाणार. त्या हे मानत नव्हत्या, पण असल्या बाबतीत उगाच धोका कशाला पत्करायचा? कुणीतरी तो धरायलाच हवा होता. त्यांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या दातात धरला. चौतीस वर्षं भरल्या वर्गात कुणाला जे जमलं नाही ते वीतभर दोऱ्याने केलं. झिनोविया बाई गप्प बसल्या.

मंडळाचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे नंतर ते मधे यायला नको. नेस्तोर गेला. लेव्को आणि बोग्दानने त्याला दोन मजले चढवलं. टेबलामागे तिघे होते, त्यांनी कागद पाहिले, शिक्का मारला, तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणाले. चार मिनिटं. टेबलाखाली कुणी पाहिलंच नाही. पँट होती की नव्हती, त्यांना आजही ठाऊक नसेल. पण त्याला ठाऊक होतं.

इकडे चौथ्या मजल्यावर नेस्तोर बोलत होता. त्याला जखमी झाल्यावर नऊ तास पाठीवरून नेणाऱ्या माणसाबद्दल. तो माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता. तो नऊ तास एकाच गोष्टीवर कुरकुरत होता: यंदा बायकोने टोमॅटो वेळेवर बांधले नाहीत, सगळे जमिनीला टेकले, सडले. खड्ड्यात आडवं व्हावं लागलं की गप्प, उठलं की पुन्हा टोमॅटो. काठ्या कुठल्या, सुतळी कुठली, बायको ऐकत कशी नाही. नेस्तोरला वाटलं, या माणसाला लाथ मारावी, पण लाथ मारायला पाय जागेवर नव्हता. मग वाटायला लागलं, हा थांबला तर मी मरेन. शेवटी गाडीत टाकल्यावर नेस्तोरने त्याचं नाव विचारलं, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, आणि तो माणूस मागे फिरला. परत आघाडीवर. पुढे त्याचं काय झालं, माहीत नाही. विचारायचं कुणाला? काय विचारायचं? टोमॅटोवाला कुठाय?

"मला त्याचा चेहरा आठवत नाही, बाई," नेस्तोर म्हणाला. "मानच बघत होतो त्याची. मान आठवते. इथे एक चामखीळ होती. दिवसातून किती वेळा आठवतो तो, काय सांगू. आईला सांगितलं तर रडेल. बाकी कुणी वर येईना."

खाली लेव्कोने भोंगा वाजवला. मग बोग्दान धापा टाकत दारात आला. "झिना, दहा वाजले, तो म्हणतो..."

बाईंनी मागे न बघता हात वर केला. बोग्दान थांबला. त्याने टोपी काढली, दारातलं बोर्शचं भांडं बाजूला सरकवलं आणि उंबऱ्यावर बसला.

नेस्तोर टोमॅटोच्या जाती सांगत होता. त्या माणसाला सहा माहीत होत्या. चौथा बंद केव्हाच लागला होता, गाठ मारून झाली होती, दोरा तोडलेला होता. पण तो अजून बोलत होता. बाई दात घट्ट मिटून, मान खाली घालून, बिनदोऱ्याची सुई त्या निळ्या कापडातून आत घालत होत्या आणि बाहेर काढत होत्या.